गमरे चौकशीला आले नाहीत

यशवंत गमऱ्यांबद्दल कुणी वाईट बोलत नाही, आणि मला त्याचाच वैताग येतो. गोडदेवच्या बुद्धविहारात त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. अकरा जण बोलले. एकाने त्यांना अन्नदाता म्हटलं, एकाने देवमाणूस, आणि एक जण माईक हातात घेऊन नुसताच रडला आणि खाली बसला. मी चौथ्या रांगेत पदर आवळून बसले होते. या माणसाने मला जेवढा मनस्ताप दिला तेवढा माझ्या सासूनेही दिला नाही, हे सांगण्याची ती जागा नव्हती. शिवाय मला जे सांगायचं होतं ते त्याहून अवघड होतं. माईकवाल्याने दोनदा विचारलं, "सामंतबाई, तुम्ही दोन शब्द?" मी दोन्ही वेळा नाही म्हणून मान हलवली. घरी आल्यावर झोप लागेना, म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

गमरे आमच्या कारखान्यात कँटीन मॅनेजर होते. कारखाना भाईंदर पूर्वेला, पंख्यांचे रेग्युलेटर बनवणारा, तीनशे माणसांचा. मी पर्सोनेल खात्यात टायपिस्ट. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. गिरगावातली दीड खोली सोडून आम्ही भाईंदरला नवीन बिल्डिंगमध्ये आलो होतो, आणि नळाला दिवसाआड पाणी येतं याचा राग मी ऑफिसात काढत असे. तो सर्वांत जास्त गमऱ्यांवर निघायचा, कारण ते उलटून बोलत नसत.

माणूस उंच, सडपातळ, उन्हाने रापलेला. मूळचे मंडणगडकडचे, इथे गोडदेवला चाळीत राहायचे. कंपनीच्या नियमाप्रमाणे पांढरा शर्ट आणि काळी पँट, पण पायात कॅनव्हासचे बूट आणि त्या बुटांना मिठागराचा चिखल. इतरांच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात डहाळ्या, बिया, कसलीतरी पिसं. एकदा हजेरीपटावर सही करायला त्यांनी खिशातून पेन काढलं तर त्याच्याबरोबर एक जिवंत नाकतोडा टेबलावर आला. आमच्या साहेबांनी खुर्ची मागे घेतली. गमऱ्यांनी नाकतोड्याला ओंजळीत धरलं, खिडकीबाहेर सोडलं, आणि मग सही केली. सही करताना साहेबांना त्याची जात सांगायला ते विसरले नाहीत.

कँटीन मॅनेजर कँटीनमध्ये असावा अशी माझी साधी अपेक्षा होती. मी दिवसातून तीनदा तरी काहीतरी कागद घेऊन खाली जायची आणि तीनदा तिथे फक्त आचारी रामधनी भेटायचा. रामधनी जौनपूरचा, पन्नाशीचा, अत्यंत सभ्य माणूस.

"गमरे साहब कहाँ हैं?"

"देखने गए हैं, मॅडम."

"क्या देखने?"

"वो तो आएँगे तब पता चलेगा."

कारण गमरे जाताना एवढंच सांगून जात, "जरा बघून येतो." परत आले की खाडीचं पाणी कुठवर चढलंय, मोरव्याच्या बांधावर कुठली भाजी उगवलीये, हे सगळं मला ऐकावं लागे, आणि मी आणलेला कागद त्यांच्या हातात तसाच राही. गंमत म्हणजे जेवण कधी एक मिनिटही चुकत नसे. सकाळी सातला येऊन त्यांनी सगळं लावून दिलेलं असायचं. भाजी चिरायला माणसं त्यांनी मागच्या शिरिषाखाली बसवली होती. का, तर म्हणे बंद खोलीत चिरलेल्या भाजीला खोलीचा वास लागतो. मी म्हटलं, शिरिषावरचे कावळे त्यात काय टाकतील त्याचा वास नाही का लागत? त्यावर त्यांनी खरोखरच विचार केला आणि दुसऱ्या दिवशी वर एक ताडपत्री बांधली.

नवीन माणूस कामाला लागला की गमरे त्याला नाव विचारत नसत. ते विचारत, "तुमच्या गावाला या दिवसांत काय खातात?" मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, गिरगावात बारा महिने तेच खातात. त्यांना माझ्याबद्दल मनापासून वाईट वाटलेलं मला दिसलं, आणि माझा पुढचा सगळा दिवस त्या रागात गेला.

या प्रश्नाचा उपयोग किती होता हे मात्र मी वाघमारेंच्या बाबतीत पाहिलं. वाघमारे नांदेडकडून आलेले. प्रेसवर काम, खोली गोडदेवलाच. पहिले दोन आठवडे ते जेवायच्या सुट्टीत ताट घ्यायचे आणि जवळजवळ तसंच परत ठेवायचे. एकदा मशीनवरच चक्कर आली. साहेबांनी मला मेमो टाइप करायला सांगितला. तेवढ्यात गमरे जाऊन वाघमारेंशेजारी बसले होते आणि आपला तो प्रश्न विचारत होते. वाघमारे म्हणाले, "आमच्याकडं आता अंबाडी राहती. अंबाडीची भाजी अन् ज्वारीची भाकर." बस्स. दुसऱ्या दिवशी गमरे सकाळपासून गायब, आणि अकराला सायकलच्या कॅरिअरवर अंबाडीचे भारे बांधून हजर. राई गावात हिराबाय म्हणून त्यांची एक ओळखीची आगरीण होती, तिच्या शेताच्या कडेने अंबाडी लावलेली होती. रामधनीने जन्मात अंबाडी केली नव्हती. वाघमारेंनी शेजारी उभं राहून करवून घेतली. त्या दिवशी ते जेवले, आणि माझा मेमो टाइपरायटरमध्येच राहिला. पुढे वाघमारे युनियनच्या कमिटीवर गेले. गमऱ्यांसाठी ते कारखाना बंद पाडतील असं लोक म्हणत, आणि ते खरंच होतं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या ऑफिसातले दोघे गमऱ्यांचं आडनाव आणि गाव कळल्यावर घरून डबा आणायला लागले. तोंडाने म्हणायचे, ॲसिडिटी होते. गमऱ्यांना ते कळत होतं. त्या दोघांना ते रोज न चुकता ताक पाठवायचे, ॲसिडिटीला बरं म्हणून. ताक परत यायचं. मी त्यांना म्हटलं, "कशाला स्वतःचा अपमान करून घेता?" ते म्हणाले, "बाई, ताक पाठवणं माझं काम आहे. परत पाठवणं त्यांचं." मला असल्या शांतपणाची चीड येते, तेव्हाही यायची. मी त्यांच्या जागी असते तर ते ताक त्या दोघांच्या फायलींवर ओतलं असतं.

रविवारी ते लोकांना फिरायला न्यायचे. कारखान्यातली पाच-सहा माणसं असायचीच. एकदा आमच्या घरातून आम्ही दोघंही गेलो. "फार नाही, दहा मिनिटं," असं त्यांनी सांगितलं होतं. भाईंदर पश्चिमेहून मोरवा, तिथून बांधाबांधाने राई. त्या दहा मिनिटांना दोन तास लागले. दोन्ही बाजूंना मिठाचे पांढरे ढीग, मधल्या पाण्यात लांब चोचीचे पक्षी, आणि गमरे दर शंभर पावलांवर हात वर करून सगळ्यांना गप्प उभं करणार. मी नवीन सँडल घातले होते. शेवटी राईच्या अलीकडे माझा पाय घोट्यापर्यंत रुतला. समोरून हिराबाय येत होती, डोक्यावर टोपली. ती थांबून माझ्याकडे बघत राहिली.

"गमऱ्या, ही बाय कोन हाय?"

"आमच्या ऑफिसातल्या आहेत, हिराबाय. मोठ्या हुशार."

"हुशार हाय तं चपला पायान कशाला?" असं म्हणून तिने मला दंडाला धरून उपसून काढलं.

तिच्या अंगणात आम्ही तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. आमचे हे इतके खूश झाले की त्यांनी पुढच्या रविवारचं तिथेच ठरवून टाकलं. मी घरी येईपर्यंत दोघांशीही बोलले नाही. पण भाकरी मी तीन खाल्ल्या होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर तीनेक वर्षांनी मुंबई ऑफिसच्या डोक्यात आलं की कँटीन ठेकेदाराला देऊन टाकावं. निर्णय झाला नव्हता. दोन मोठे साहेब जूनमध्ये येणार, जेवणार आणि मग ठरवणार, असं पत्र आलं. ते पत्र माझ्याच हातून गेलं, म्हणून मी गमऱ्यांना आधी सांगू शकले. म्हटलं, "तुमची आणि खालच्या नऊ जणांची नोकरी त्या एका जेवणावर आहे. कृपा करून साधं करा. बटाट्याची भाजी, वरण, भात, पोळी, शिरा."

"बटाटा त्यांना मुंबईत मिळतोच की," गमरे म्हणाले. "जूनमध्ये इथे शेवळं येतात. पंधरा दिवसांचा खेळ. त्यांना कळू दे, आपण ठेकेदारापेक्षा वेगळं काय देतो."

शेवळं म्हणजे डोंगरउतारावर उगवणारे कोंब. भाजी अप्रतिम होते, पण त्यात काकडं घालावी लागतात. काकडं ही एका रानझाडाची छोटी आंबट फळं. ती पुरेशी पडली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात. हे गमऱ्यांनी मला नीट समजावलं होतं. मी अर्धंच ऐकलं, कारण मला बटाट्याचं पडलं होतं.

त्या दिवशी शेवळांच्या टोपल्या सकाळीच आल्या, पण काकडं कमी निघाली. दहा वाजता गमऱ्यांनी सायकल काढली. डोंगरी गावाच्या बाजूला झाडं त्यांना माहीत होती. रामधनीला सांगून गेले, "मी येईपर्यंत शेवळं चढवायची नाहीत." बारा वाजले तरी पत्ता नाही. पुढे कळलं की येताना रेल्वेचं फाटक बंद पडलं होतं आणि ते पलीकडे सायकल धरून पाऊण तास उभे होते.

मुंबईचे साहेब वर येऊन बसले होते. साडेबाराला ताटं लागायची होती. मी खाली गेले. चिरलेल्या शेवळांच्या दोन पराती तशाच पडलेल्या आणि रामधनी हात बांधून उभा.

"चढाया क्यों नहीं?"

"साहब बोले हैं रुको. खट्टा कम है."

मी म्हटलं, खट्टाच हवा ना? मग चिंच घाला. अळू खाजतं, त्याला आपण चिंचच घालतो. माझ्या आईने आयुष्यभर अळूचं फदफदं केलं, कुणाचा घसा खाजला नाही. ही शेवळंही तसलीच. रामधनी नको नको म्हणत होता. मी आवाज चढवला. "मी सांगतेय. मेरी जबाबदारी." हे चार शब्द मी बोलले. मला ते स्पष्ट आठवतात.

पहिल्या दहा मिनिटांत काही झालं नाही. भाजीची तारीफसुद्धा झाली. मग मुंबईच्या एका साहेबांनी टायची गाठ सैल केली. दुसऱ्यांनी पाणी मागितलं, पुन्हा मागितलं. खाली दीडशे माणसं एकदम घसा खाकरायला लागली. कुणाला काही मोठं झालं नाही, कोकमाचं पाणी आणि गूळ देऊन तासाभरात सगळे ताळ्यावर आले. पण तो तास फार मोठा होता. डबा आणणाऱ्या त्या दोघांतला एक मोठ्याने म्हणाला, "जंगलातला पाला खाऊ घातला की असंच होणार."

एक वाजायला आला तेव्हा गमरे आले. गुडघ्यापर्यंत चिखल, रुमालात बांधलेली काकडं. त्यांनी पातेल्यातला एक घास तोंडात टाकला. मग रामधनीकडे पाहिलं. रामधनीने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. तेवढ्यात आमचे साहेब जिना उतरून आले आणि ओरडले, "कुणाचा हा मूर्खपणा?"

गमरे म्हणाले, "माझी चूक झाली."

कारणे दाखवा नोटीस मीच टाइप केली. 'कामाच्या वेळेत जागेवर हजर न राहून, हलगर्जीपणाने.' माझा गुन्हा, त्यांच्या नावावर, माझ्याच बोटांनी, चार प्रतींत. चौकशीची तारीख लागली. मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, "मी चौकशीत सगळं सांगणार आहे. तुम्ही फक्त या." ते माझ्यामागच्या झाडाकडे बघत राहिले. वाघमारे त्यांच्या बाजूने बोलणार होते. त्यांना खरं काय ते माहीत नव्हतं, कारण गमऱ्यांनी रामधनीला शपथ घातली होती. पण तेही सांगत होते, "मामा, तुम्ही नुसतं समोर उभं राहा. बाकी आम्ही बघतो."

चौकशी अकराला होती. मी सगळं एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवलं होतं. अकरा झाले, साडेअकरा झाले. वाघमारे तीनदा गेटपर्यंत जाऊन आले. गमरे आलेच नाहीत. बाराला साहेबांनी मला सांगितलं, "लिहा, कर्मचारी गैरहजर." वाघमारेंनी टेबलावर हात आपटला आणि बाहेर गेले. खोलीत साहेब आणि मी, दोघंच उरलो. मी तेव्हाही बोलू शकले असते. कागद पर्समध्ये होता, पर्स मांडीवर होती. पण ज्याच्यासाठी बोलायचं त्यालाच पडलेली नाही, तर मी का जीव टाकू, असं मी स्वतःला सांगितलं, आणि 'गैरहजर' टाइप केलं.

गमऱ्यांचा हिशेब दुसऱ्या दिवशी झाला. कँटीन ठेकेदाराकडे गेलं. रामधनीला त्याने ठेवून घेतलं, इतरांतल्या चौघांनाही. भाजी रोज बटाट्याची असायची. मी ती पुढची कितीतरी वर्षं गप्प खाल्ली, आणि प्रत्येक वेळी गमऱ्यांवर चरफडले. एक दिवस, फक्त एक दिवस माणसाला वेळेवर एका खोलीत येऊन उभं राहता येऊ नये? सगळी खाडी, सगळे डोंगर त्याच दिवशी बघायचे होते?

नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं तेव्हा ते मला पुन्हा भेटले, ते शेवटचं. मी उत्तनला एका लग्नाला गेले होते. येताना राईच्या नाक्यावर बस बदलायची होती. गमरे रस्त्याच्या कडेला उभे. केस पांढरे झाले होते, अंगाने आणखी वाळले होते. वसईकडे कुठल्याशा वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळतो म्हणाले. सुट्टीच्या दिवशी मात्र इकडे येतात. हिराबायच्या शेतावर आता चार मजली बिल्डिंग उभी होती, तरी हे येतच होते. माझ्या घरच्यांची, वाघमारेंची चौकशी केली. मग खाडीचं काहीतरी सांगायला लागले. मी त्यांना मध्येच तोडलं.

"चौकशीला का आला नाहीत?"

"मी आलो असतो तर तुम्ही बोलला असतात."

"मग?"

"मग तुम्ही गेला असतात. रामधनीपण गेला असता, माझं न ऐकल्याबद्दल. एकाच्या जागी तिघं. मला काय, मी कुठेही चार माणसांना जेवायला घालीन."

मला वाटलं होतं हे ऐकून माझं मन हलकं होईल. झालं उलटंच. सात-आठ वर्षं मी स्वतःला भेकड समजत होते, आणि या माणसाने ते आधीच ठरवून, माझ्या वतीने, मला न विचारता उरकून टाकलं होतं. आयुष्यात एकदाच मी खरं बोलायला निघाले होते.

"हे तुम्ही मला विचारलंत का?" मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण नाक्यावरच्या रिक्षावाल्याने मान वळवली. "माझी नोकरी, माझं तोंड. मी काय करायचं ते मला विचारलंत?"

गमऱ्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं.

"नाही विचारलं," ते म्हणाले. "ते चुकलं."

एवढं बोलून ते रस्ता ओलांडून बांधावर उतरले. थोडं पुढे जाऊन थांबले, खाली वाकले, चिखलात काहीतरी निरखून पाहिलं. मग मागे वळून त्यांनी मला हात केला, या, लवकर या, असा. चेहरा लहान मुलासारखा खुलला होता. मघाचं भांडण त्यांच्या लेखी संपलं होतं. माझं संपलं नव्हतं. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, पाठ फिरवली आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले.

बस यायला चाळीस मिनिटं होती.